डेपो ते हॉस्पिटल, मार्केटमार्गे

"बाबा, आज तुम्ही वर्गाला दांडी मारा," लेक चहाचा कप खाली ठेवत म्हणाली.

"जमायचं नाही. माझी हजेरी एकाहत्तर टक्क्यांवर आलीय," पावाला लोणी लावता लावता बाबा म्हणाले. "पंचाहत्तर भरले नाहीत तर परीक्षेला बसू देत नाहीत. हा नियम पहिल्या दिवशी मॅडमनी स्वतः फळ्यावर लिहिला होता."

"मॅडम मीच आहे, बाबा!"

"म्हणून तर पाळायला हवा."

बाबा म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं चौदा नंबरची बस चालवून ते घरी बसले आणि सहा महिन्यांत घर त्यांना खायला उठलं. त्याच वर्षी विद्यापीठानं साठी ओलांडलेल्यांसाठी सगळे वर्ग खुले केले. बाबांनी घरात कुणाला पत्ता लागू न देता फॉर्म भरला आणि विषयांच्या लांबलचक यादीतून नेमका कॉम्प्युटरचा 'डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम' हा विषय निवडला. त्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. तो शिकवतं कोण, हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी हजेरी घेता घेता मॅडम एकसष्ट नंबरला पोचल्या आणि अडखळल्या. आडनाव आपलंच, नावही ओळखीचं. मान वर करून पाहतात तर शेवटच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि खणखणीत आवाज, "हजर, मॅडम!"

मॅडमना वाटलं, आठवडाभरात कंटाळतील. विद्यार्थ्याशी नातं असेल तर विभागाला लेखी कळवायचं, असा नियम होता. पण पहिल्या आठवड्यात कळवणं उगाचच वाटलं, महिन्यानं उशीर झाल्यासारखं वाटलं, आणि तीन महिने झाले तरी कळवायचं राहिलंच. बाबांना मात्र तिनं पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं की कॉलेजात आपण एकमेकांना ओळखत नाही. बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की एकदा कॉलेजच्या फाटकापाशी लेकीनं "घरी येताय ना?" असं विचारलं, तर त्यांनी तिच्याकडे नीट पाहून "आपण कोण?" असा उलटा प्रश्न केला.

ओळख दाखवायची नाही हे त्यांना जमलं. शंका विचारायची नाही हे मात्र जमेना. मॅडमनी 'क्यू' शिकवताना सांगितलं, की ही बसस्टॉपवरची रांग समजा, जो आधी आला तो आधी चढणार. शेवटच्या बाकावरून हात वर झाला. "मॅडम, मी अठ्ठावीस वर्षं बस चालवली. आधी आलेला आधी चढताना मी एकदाही पाहिला नाही." वर्ग पाच मिनिटं हसत होता. मग चाचणी झाली. बाबांना वीसपैकी चार मार्क पडले, ते सबंध वर्गात सर्वांत कमी होते. बाबांनी पेपरची झेरॉक्स काढून घडी करून खिशात ठेवली, पेपर परत दिला आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आजचा दिवस मात्र निराळा होता. लेकीची नोकरी वर्षभराच्या बोलीवर होती. आज विभागप्रमुख तिचा एक तास बसून ऐकणार होते आणि त्यावर अहवाल लिहिणार होते. अहवाल बरा आला तर नोकरी कायम, नाहीतर सत्र संपताच निरोप. तीनशे अर्जांतून मिळालेली ती नोकरी होती आणि लेकीला ती जिवापाड आवडत होती.

"एक तास तोंड मिटून बसता येत नाही का हो तुम्हाला?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"अठ्ठावीस वर्षं माझ्या डोक्यामागं पाटी होती, 'चालकाशी बोलू नये'. चालकानं बोलू नये असं कुठंही लिहिलं नव्हतं." मग लेकीच्या चेहऱ्याकडे पाहून बाबा एकदम मऊ झाले. "नाही बोलत गं. शप्पथ. हातसुद्धा वर करणार नाही. झालं?"

लेकीनं मान डोलावली. पण तिचा पाव तसाच राहिला.

तयारी तिनं चोख केली होती. चाळीस रंगीत स्लाइड, स्वच्छ पुसलेला फळा, आणि सरांसाठी दारापाशी गादीची खुर्ची. विषय होता दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची रीत. स्लाइडवरच्या ठिकाणांची नावं अ, ब, क आणि ड. अ पासून ड पर्यंत कुणीच कधी बस चालवलेली नव्हती, त्यामुळे बाबांना त्यात बोलण्यासारखं काही सापडेल अशी भीती नव्हती.

अकराला दहा कमी असताना प्रोजेक्टर बंद पडला.

दुरुस्तीवाला आला तो टाय लावून. त्याच्या कंपनीत तशी सक्ती होती. त्यानं स्टुलावर चढून चार स्क्रू काढले, "पार्ट मागवलाय, अर्धा-पाऊण तास लागेल," म्हणाला, आणि दारापाशी रिकामी खुर्ची दिसली तीत जाऊन ऐसपैस बसला. मॅडम स्टाफरूममध्ये खडू शोधायला धावल्या.

बाबांनी वर्गात पाऊल टाकलं. खुर्ची पाहिली, टाय पाहिला, आणि हेच ते विभागप्रमुख हे ओळखलं. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. दुरुस्तीवाल्यानंही गोंधळून नमस्कार केला. आजवर एकाही कॉलेजात त्याला कुणी साधं 'बसा'सुद्धा म्हटलं नव्हतं.

खरे विभागप्रमुख मॅडम बाहेर गेल्या तेवढ्यात येऊन शेवटच्या बाकावर बसले होते. कोपरावर विरलेला स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी, पुढ्यात साधी वही. मागच्या बाकावरून फळ्यावरचं अक्षर दिसतं का हे आधी बघायचं, ही त्यांची जुनी सवय. तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीतून ते फारसे खाली येत नसल्यानं पोरांनाही ते ठाऊक नव्हते. बाबा आपल्या नेहमीच्या जागी गेले आणि शेजारी समवयस्क माणूस पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"नवीन अ‍ॅडमिशन?" त्यांनी हळूच विचारलं.

सरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "आजच आलोय."

"वय?"

"एकोणसाठ."

"म्हणजे वर्षभर आधीच घेतलं की तुम्हाला! असू दे, मी नाही कुणाला सांगत. आणि घाबरायचं नाही बरं का. सुरुवातीला सगळं डोक्यावरून जातं. दोनेक महिन्यांनी कानापर्यंत येतं."

"मॅडम कशा आहेत?" सरांनी वही उघडत विचारलं.

"मॅडमना तोड नाही. एकदा नाही कळलं तर तीनदा सांगतील. फक्त मार्क द्यायला हात आखडता."

तेवढ्यात मॅडम आत आल्या. गादीच्या खुर्चीत त्यांना दुरुस्तीवाला दिसला. मग नजर वर्गावरून फिरत मागे गेली आणि शेवटच्या बाकावर सर नि बाबा खांद्याला खांदा लावून, डोक्याला डोकं भिडवून बोलत असलेले दिसले. मॅडमच्या हातातला खडू मोडला. काय करावं न सुचून त्यांनी बाबांकडे रोखून बघत ओठांवर बोट ठेवलं. सगळा वर्ग चिडीचूप झाला. बाबा सरांच्या कानाशी लागून म्हणाले, "बघा, शिस्त कशी आहे ती!"

मॅडमनी शिकवायला सुरुवात केली. स्लाइड नव्हत्या, अ-ब-क-ड चं जाळं पाठ नव्हतं, आणि भीतीनं डोकं साफ रिकामं झालेलं. अशा वेळी हात आपला आपण चालतो. त्यांनी एक गोल काढला आणि त्यात लिहिलं 'डेपो'. दुसरा काढला, 'मार्केट'. मग 'पूल', मग 'हॉस्पिटल'. गोलांमध्ये रेघा ओढल्या आणि प्रत्येक रेघेवर मिनिटं लिहिली. डेपो ते मार्केट चार, मार्केट ते हॉस्पिटल तीन. डेपो ते पूल पाच, पूल ते हॉस्पिटल चार. आपण काय काढून ठेवलं हे त्यांच्या ध्यानात यायला अर्धं मिनिट लागलं. तोवर चौदा नंबरचा सबंध रूट फळ्यावर आला होता.

शेवटच्या बाकावर बाबा ताठ झाले.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. मग त्यांना राहवेना. शप्पथ वर्गात न बोलण्याची होती, शेजाऱ्याच्या कानात बोलण्याबद्दल काही ठरलेलं नव्हतं. "मार्केट चार मिनिटांत? अहो, चार मिनिटांत तिथला एक टेम्पो बाजूला होत नाही!"

"मग विचारा ना त्यांना."

"नाही नाही. आज विभागप्रमुख आलेत." बाबांनी डोळ्यांनीच गादीच्या खुर्चीकडे खूण केली. दुरुस्तीवाला तिथे पेंगत होता. "माणूस कडक दिसतोय. ऐकतोय कसा डोळे मिटून! आज त्याच्या हातात मॅडमची नोकरी आहे. मी तोंड उघडायचं नाही असं घरी ठरलंय."

"घरी?"

बाबांनी जीभ चावली. पण समोरचा माणूस नवखा होता, वयानं आपल्याएवढा होता, आणि गेले तीन महिने ही गोष्ट त्यांच्या पोटात नुसती उड्या मारत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"कुणाला सांगणार नसाल तर सांगतो. माझीच लेक आहे ती."

सरांचं पेन थांबलं. "असं का. आणि तुम्हाला तपासतातही त्याच?"

"तपासते म्हणजे! वीसपैकी चार दिलेत मला. जेवायला वाढताना हात सैल, पेपरात बघायला नको." बाबा हसले. मग थोडं थांबून, आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "खरं सांगू का? मार्कांसाठी नाही आलो मी. ही चौदा वर्षांची झाली तेव्हापासून जेवताना काय बोलते ते मला कळेनासं झालं. आधी गणित, मग हे असलं. मी नुसता 'हं, हं' करायचो. पोरी हुशार असतात हो, त्यांना कळतं. हळूहळू तिनं सांगणंच सोडलं. आता दोन घास खाते नि उठते. म्हटलं, वेळ आहे हाताशी, शिकून तर बघू."

सरांनी वही मिटली. ते फळ्याकडे बघत राहिले.

फळ्यापाशी मॅडमना आता सूर सापडला होता. रीत त्या फार छान समजावत होत्या. निघायचं तिथून निघायचं, जे ठिकाण आतापर्यंत सगळ्यांत कमी वेळात गाठता येतं ते पक्कं करायचं, मग तिथून पुढचं बघायचं, आधीपेक्षा कमी वेळ सापडला तर जुना आकडा पुसून नवा लिहायचा. मागच्या बाकापर्यंत पोरं माना डोलावत होती. "म्हणजे डेपो ते हॉस्पिटल," मॅडमनी शेवटचा आकडा दुहेरी चौकटीत बसवला, "सर्वांत जवळचा रस्ता मार्केटमार्गे. सात मिनिटं."

त्याच वेळी त्यांनी खडूनं मार्केटपाशी एक डावं वळण काढलं.

अठ्ठावीस वर्षांत बाबांनी एकदाही नियम मोडून वळण घेतलं नव्हतं. ते उभे कधी राहिले हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"ठकू! अगं, मार्केटला डावीकडं वळायला बंदी आहे!"

"बाबा, खाली बसा!" मॅडम ओरडल्या.

मग जी शांतता पसरली तीत दुरुस्तीवालासुद्धा जागा झाला. साठ जणांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग दोघांच्या नाकांकडे. नाकं अगदी सारखी होती. तीन महिने हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचंच वर्गाला नवल वाटलं.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, सावरण्यासारखंही नव्हतं. त्यांनी खडू टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग किती मिनिटं लागतात, बाबा?"

बाबा सरांच्या पायांवर पाय देत बाकाबाहेर आले आणि थेट फळ्यापाशी गेले. "चार पुस. नऊ लिही. आणि मार्केटवरनं हॉस्पिटलला सरळ जाताच येत नाही, वळसा आहे. तीनचे आठ कर."

"काका, सकाळी दहा लागतात!" दुसऱ्या बाकावरून कुणी ओरडलं. "मी रोज पुलावरनं येते, सहाच्या वर नाही लागत!" "शाळा सुटायच्या वेळी सोळा!" बघता बघता अर्धा वर्ग उभा राहिला. आजवर अल्गोरिदमवर कुणी इतकं तावातावानं भांडलं नव्हतं. मॅडमनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं, नवे आकडे लिहिले, नि बाबांच्याच हातात खडू दिला. "आता रीत तीच. चालवा."

बाबांनी चालवली. दोनदा अडखळले, एकदा चुकीचं ठिकाण पक्कं केलं आणि वर्गानं आरडाओरडा केल्यावर पुसलं. पण शेवटी आकडा आला. पुलावरून दहा मिनिटं, मार्केटमार्गे सतरा. बाबांनी मागे सरकून फळ्याकडे पाहिलं. मग त्यांचं लक्ष रेघांवरच्या जुन्या, अर्धवट पुसलेल्या आकड्यांकडे गेलं.

"रीत तुझी चोख आहे," ते म्हणाले. "आणि आकडेही चुकीचे नव्हते. हे बरोबर होते, पण तू तिसरीत होतीस तेव्हा. तेव्हा मार्केटला सिग्नलसुद्धा नव्हता, डावीकडं वळता यायचं."

मॅडमनी त्या पुसट आकड्यांकडे पाहिलं. तिसरीत असताना शाळा सुटली की ती चौदा नंबरच्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची, बाबांची पाळी संपेपर्यंत. हातातल्या घड्याळावर प्रत्येक स्टॉपची मिनिटं मोजायची आणि मोठ्यानं सांगायची. हे आकडे तिनं कुठल्या पुस्तकातून घेतलेच नव्हते. तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायला ती फळा पुसू लागली, तेवढ्यात घंटा झाली. सर उठले, कापडी पिशवी खांद्याला लावली आणि लगबगीनं निघून गेले.

"बिचारा घाबरला," बाबा म्हणाले. "पहिलाच दिवस होता त्याचा."

तासाभरानं शिपाई निरोप घेऊन आला. विभागप्रमुखांनी मॅडमना खोलीत बोलावलंय, आणि त्या काकांनाही. जिन्यात लेक दोन पायऱ्या पुढेच चालली होती. बाबा एकेक पायरी चढता चढता मनातल्या मनात माफी जुळवत होते. टायवाल्या माणसाला कसं पटवायचं हे त्यांनी साधारण ठरवलं होतं. खोलीचं दार उघडलं आणि टेबलामागे त्यांना तोच विरलेला स्वेटर दिसला. भिंतीवर हारीनं लावलेल्या पदव्या होत्या आणि टेबलावर नावाची पाटी होती. बाबा दारातच थांबले. आपण या माणसाला काय काय सांगितलं हे सगळं एका क्षणात त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं.

"बसा," सर म्हणाले. त्यांच्या पुढ्यात चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा होता. "मॅडम, नातं कळवायचा नियम तुम्हाला माहीत होता?"

"होता, सर."

"मग पेपर तपासताना पक्षपात झाला का, हे मला बघावं लागणार. बघितलं मी." त्यांनी गठ्ठ्यातून एक पेपर वेगळा काढला. "झालाय."

"साहेब!" बाबा ताडकन उभे राहिले. "वीसपैकी चार दिलेत हो मला! याला पक्षपात म्हणतात?"

"हाच तर पक्षपात. हे पाहा. तिसऱ्या प्रश्नात रीत बरोबर, शेवटचा आकडा चुकलाय. बाकी मुलांना अशा उत्तराला तीन मार्क दिलेत. तुम्हाला शून्य. पाचव्यात आकृती बरोबर, फक्त नावं द्यायची राहिली. इतरांना दोन, तुम्हाला शून्य. मी मोजलं. तुमचे नऊ होतात. आठला पास. तुम्हाला नापास केलंय यांनी."

"नऊ नकोत मला! चार बरोबर आहेत!"

"नऊ."

"चार! माझा पेपर आहे, मला माहीत नाही होय? तिसरा प्रश्न मी अंदाजपंचे लिहिलाय. पाचवा तर शेजारच्याचा बघून लिहिला." ही साफ थाप होती. पाचवी आकृती त्यांनी घरी गॅलरीत बसून वीसदा काढली होती. "साहेब, ही लहानपणापासून सरळ आहे. दुकानात चॉकलेट जास्त आलं तर परत द्यायला जायची. ती चुकीचे मार्क देणारच नाही. तुम्ही मला काढून टाका, पाहिजे तर पुन्हा या फाटकात पाऊल ठेवणार नाही. पण ते नऊ कुठं लिहू नका."

"बाबा, पुरे," लेक म्हणाली. तिनं तो पेपर आपल्यापुढे ओढला. "सर, नऊच बरोबर आहेत. मला भीती वाटत होती. उद्या कुणाला कळलं तर म्हणतील, बापाला पास केलं. म्हणून त्यांचा पेपर आला की मी जिथं तिथं कापत गेले. यांनी घरी येऊन एकदासुद्धा विचारलं नाही, की ठकू, असं का. विचारलं असतं तर बरं झालं असतं." मग तिला रडू आवरेना. बाबांनी खिशातला रुमाल काढला, तर त्याच्यासोबत चाचणीच्या पेपरची घडी घातलेली झेरॉक्स खाली पडली, ती त्यांनी पायाखाली सरकवली.

सर खिडकीबाहेर बघत बसले. खाली बसस्टॉपवर पोरांची झुंबड उडाली होती. मग त्यांनी अहवालाचा कागद पुढे ओढला.

"नातं लपवलंत, त्याबद्दल ताकीद मिळेल. लेखी," ते लिहिता लिहिता म्हणाले. "पेपर पुन्हा तपासून नऊ केले जातील. ते टाळता येणार नाही, काका, कितीही भांडलात तरी. आणि उद्यापासून तुम्ही यांच्या वर्गात बसायचं नाही. दुसऱ्या तुकडीत बसायचं, ती मी शिकवतो." त्यांनी कागद उलटा करून मॅडमपुढे सरकवला. "शिकवण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा."

मॅडमनी वाचलं. दोनच वाक्यं होती. 'बत्तीस वर्षांत हा विषय ऐकताना मागचा बाक जागा राहिलेला मी प्रथमच पाहिला. यांना कायम करावं.'

लेकीचा जीव भांड्यात पडला. बाबांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरून इतका हलवला की पेनची शाई उडाली. जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारलं, "साहेब, तुमच्याकडे तरी माझी हजेरी धरणार ना? एकाहत्तर आहे."

नव्या व्यवस्थेचा पहिला दिवस पार पडला. मॅडमनी आपल्या वर्गात हजेरी घेतली, साठ नंबरला थांबल्या, आणि उगाचच रजिस्टर थोडा वेळ उघडं ठेवलं. शिकवताना दोनदा त्यांची नजर शेवटच्या बाकाकडे गेली. शंका कुणी विचारली नाही. तास वेळेत संपला, आणि मॅडमना तो मुळीच आवडला नाही.

संध्याकाळी बाबा घरी आले ते वही आपटतच.

"काय झालं?" लेकीनं विचारलं.

"साहेब माणूस देव आहे, पण शिकवणं म्हणजे एक्स्प्रेस गाडी. मधे थांबा नाही. हे 'ट्री' काय प्रकरण आहे? झाड वर वाढायचं सोडून खाली का वाढतंय? मला तर काही उमगलं नाही."

"काही नाही उमगलं?"

"ढिम्म नाही."

लेकीनं ताट बाजूला सारलं आणि वही ओढली. मूळ वर असतं, बाबा. त्याला दोन फांद्या. डावीकडे लहान आकडे, उजवीकडे मोठे. बाबांनी डावीकडे मोठा आकडा लिहिला. तिनं पुसला, पुन्हा सांगितलं. बाबांनी या खेपेला उजवीकडे लहान लिहिला. तिनं कपाळाला हात लावला, हसली, रागावली, चमचे मांडून दाखवले, मग वाट्या मांडल्या. आईनं दोनदा अन्न गरम केलं. "इतकी वर्षं जेवताना दोघांच्या तोंडातून शब्द निघत नव्हता," ती म्हणाली, "आता बोलण्यापुढे घास जाईना." लेक सांगत राहिली. झाडाचं सांगता सांगता ती कॉलेजचं सांगू लागली, मग एका हुशार पण उद्धट पोराचं, मग पुढे तिला काय शिकायचंय त्याचं. बाबा मधूनमधून "हं?" म्हणत, आणि ती पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगे.

लेक हात धुवायला उठली. आईनं टेबल पुसायला म्हणून वही उचलली, तर पान उलटलं. पुढच्या पानावर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात अख्खं झाड काढलेलं होतं, बारा आकड्यांचं, एकही खाडाखोड नसलेलं, आणि खाली विभागप्रमुखांच्या हातची लाल शाईची बरोबरची खूण होती.

"अहो," आई म्हणाली, "तुम्हाला तर हे सगळं येतंय!"

"हळू बोल," बाबांनी वही मिटून तिच्या हातातून काढून घेतली आणि आतल्या नळाच्या आवाजाकडे कान देत पुटपुटले, "उद्याचंही मला कळणार नाहीये."